भाड्याच्या भिंतीतला खिळा

भाड्यानं द्यायला घर घ्यायचं मनात आलं की साताऱ्यातला पेन्शनीत आलेला फौजी आधी बँकेत जात नाही, आधी गोडोलीत मानसिंग सुभेदाराच्या ओसरीवर येतो. ही पद्धत पाडली कुणी म्हणाल तर खुद्द सुभेदारानंच. त्याच्याबरोबरच्यांनी कुणी ट्रॅक्टर घेतला, कुणी पोराच्या नादानं हायवेला हॉटेल काढून हात पोळून घेतले, आणि ह्या गड्यानं सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेऊन भाड्यानं दिला. फ्लॅट एकच, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, निम्मी सांगली ह्याच्याच नावावर चढलीय.

खोटं कशाला बोला, सल्ला मात्र पक्का असायचा.

"सांगलीत घर बघाय गेलास तर हॉल बघू नगो, किचन बघू नगो," तो समोरच्याच्या मांडीवर थाप मारून सांगायचा. "आधी शेजारच्या म्हातारीला इचार, म्हापुराचं पाणी कुठल्या पायरीपातूर आलं हुतं. एजंट खोटं बोलंल, म्हातारी न्हाई बोलायची. कॉलेज न्हाईतर दवाखाना जवळ असावा, म्हंजी भाडेकरूचा तोटा न्हाई. लाइटचं मीटर न्यारं. मेंटेनन्स कुणी भरायचा ते करारातच लिवायचं. आन पोलीस ठाण्यात म्हायती दिल्याबिगर चावी हातात द्यायची न्हाई, मग तो सख्खा मेव्हणा का असंना."

मग जरा थांबून, मिशीवरून हात फिरवून, शेवटचं. हे ऐकायलाच लोक बसलेले असायचे.

"घर भाड्यानं दिलं म्हंजी इकलं न्हवं, गड्या. दुसरी चावी आपल्या खिशात पायजे. अधनंमधनं तपासणी झाली पायजे." आणि खिशावर हात मारून तो जुडगा वाजवून दाखवायचा. ओसरीवरचे सगळे माना डोलवायचे.

ही तपासणी नेमकी कशी होते, ते मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोला, सुलाबाईलासुद्धा नाही. भाडेकरू गावाला गेले की हा सकाळची एसटी धरून सांगलीला जायचा, आपल्या चावीनं दार उघडून आत शिरायचा आणि पलटणीत बॅरेकची तपासणी करायचा तशी त्या घराची करायचा. दाराच्या चौकटीवर बोट फिरवायचं, नळ गळतोय का बघायचं, गादी उचलून बघायची, कपाट उघडून बघायचं. कपाट कशाला, असं त्याला कधी कुणी विचारलं नाही, त्यानंही स्वतःला विचारलं नाही. सुताच्या तोड्यालाही हात लावला नाही, ह्याचा त्याला कोण अभिमान! बघून झालं की कुलूप लावून, स्टँडवर मिसळ खाऊन, संध्याकाळच्या आत साताऱ्याला परत.

आणि भाडेकरू तरी वाईट असावेत? मुळीच नाही. गोमटेश पाटील म्हणजे शाळेत गणित शिकवणारा, चारचौघांत मान खाली घालून बोलणारा माणूस. बायको ब्राह्मी एका डॉक्टरांकडं लॅबमध्ये कामाला. कवठे महांकाळच्या बाजूची जैन माणसं, तोंडात शिवी नाही, घरात आरडाओरडा नाही, भाडं वेळेच्या आधी जमा. पहिल्या दिवशी सुभेदारानं त्यांना अटी ऐकवल्या, त्यात एक अट बोट नाचवून सांगितली, "भिंतीला खिळा मारायचा न्हाई. मारायचाच झाला तर मला इचारायचं." गोमटेश म्हणाला, "बरं, मामा." असल्या माणसांवर कसली नजर ठेवायची! पण सवय. तीस वर्षं दुसऱ्यांच्या ट्रंका उघडायला लावलेल्या माणसाचा हात शिवशिवतोच.

सहा-सात महिन्यांमागं गोमटेशचे वडील, बाळगोंडा पाटील, गावाकडं वारले. मग त्यानं अव्वाला, म्हणजे आईला, गुणमालाबाईंना, सांगलीला आणून ठेवलं. तसं फोन करून सांगितलंही. सुभेदार म्हणाला, "हरकत न्हाई. पन पाणी जपून वापरा." नवरा गेलेल्या बाईबद्दल एवढंच बोलावं माणसानं? पण बोलला.

यंदा भाद्रपदात सुभेदाराच्या डोक्यात आलं, म्हातारी आल्यापासून घर बघितलं नाही. त्यानं फोन लावला.

"मामा, सध्या आमचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व चाललंय," गोमटेश म्हणाला. "सकाळी आम्ही सगळे बस्तीत असतो, अभिषेकाला. तुम्ही दुपारनंतर या, जेवूनच जा."

बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर. सकाळी सगळे बस्तीत, एवढंच सुभेदारानं ऐकलं. जेवायचं निमंत्रण ह्या कानानं घेतलं आणि त्या कानानं सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तो सांगलीत हजर.

जिना चढून वर आला. दार बंद, आत आवाज नाही. चावी फिरवली. आत पाय टाकायच्या आधी त्यानं बूट काढून बाहेर नीट जोडीनं ठेवले, कारण जैनाच्या घरात देव्हारा असतो आणि पर्वाचे दिवस आहेत. आता काय म्हणावं ह्या माणसाला! लोकांच्या घरात न विचारता शिरतो आणि शिवाशिव मात्र पाळतो.

हॉल झाडलेला. स्वयंपाकघरात पितळेचं पाण्याचं भांडं, वर पांढरं फडकं बांधलेलं. त्यानं फडकं बाजूला करून आत डोकावलं. ओट्यावर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. थोडा हिरमुसलाच. मग आतल्या खोलीचं दार ढकललं, ते अर्ध्यावरच थांबलं. कपाट उघडलं. साड्या, वह्यांचे गठ्ठे, औषधांचा डबा. कपाट लावलं आणि वळला, तर समोरच्या भिंतीवर फोटो. बाळगोंडा पाटलांचा. फेटा, कानात भिकबाळी, चंदनाचा हार.

फोटो दिसला नाही त्याला. फोटोमागचा खिळा दिसला.

"आयला ह्यांच्या! इचारायचं सांगितल्यालं," तो मोठ्यानं पुटपुटला. "नवाकोरा गिलावा, आन ह्यांनी भोकं पाडली. कुणाला बी आणून टांगत्यात."

त्यानं दोन्ही हातांनी फोटो उतरवला. हार खाली निसटला, तो तसाच पायाशी पडू दिला. खिळ्याभोवतीचा पोपडा नखानं खरवडून बघितला. हे म्हणजे अजून रंगाचं काम आलं, असं म्हणत तो फोटो हातात घेऊनच मागं वळला.

दाराच्या फळीआड, चटईवर, गुणमालाबाई बसल्या होत्या.

पांढरं पातळ, मांडी घातलेली, पाठ ताठ, हातात जपमाळ. उपासानं चेहरा ओढलेला. बस्तीत उभं राहवणार नाही म्हणून त्या घरीच सामायिकाला बसल्या होत्या. सामायिक म्हणजे बसलेल्या जागेवरून हलायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही, समोर काहीही होवो. आणि समोर हे होत होतं. डोळे उघडे होते आणि ते सुभेदारावर होते.

"म्या... नळ... नळ बघाय आलतो," असलं काहीतरी तो बोलला. त्या बोलल्या नाहीत. नियम मोडून ओरडल्या असत्या, शिव्या दिल्या असत्या, शेजारी बोलावले असते, तर बरं झालं असतं. मणी तेवढे बोटांतून सरकत राहिले. त्यांची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली, त्याच्या हातातल्या नवऱ्याच्या फोटोवर गेली आणि तिथंच थांबली.

त्यानं हार उचलला, फुंकर मारली, फोटोला घातला, फोटो खिळ्यावर अडकवला. तो तिरका बसला. सरळ करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला, कारण पुन्हा हात लावायची त्याची छाती झाली नाही. तो उलट्या पावलांनी बाहेर आला. जिन्यात बूट घालताना नाड्या बांधायचंही सुचलं नाही, तसाच फटफट करत खाली उतरला. मिसळ खाल्ली नाही.

एसटीत खिडकीशी बसून सुभेदारानं स्वतःची बाजू मांडायला सुरुवात केली. घर कुणाचं? माझं. काय चोरलं? काही नाही. करारात काय लिहिलंय, मालकाला पाहणीचा हक्क आहे. पण करारात पाहणी सांगून करायची, असंही लिहिलं होतं आणि ते कलम त्यानंच वकिलाला घालायला लावलं होतं. कऱ्हाड गेलं, उंब्रज गेलं, आणि त्याच्या डोळ्यांपुढून ती बाई काही हलेना. कुणाला बी आणून टांगत्यात, असं आपण म्हणालो. तिच्या देखत. नवऱ्याला कुणी बी म्हणालो. पलटणीत शहीद जवानाच्या फोटोपुढं टोपी काढून उभा राहणारा मी, आणि मी एका मेलेल्या माणसाला बादली उचलावी तसा खाली उतरवला. लाज वाटली म्हणजे काय होतं, ते त्याला त्या एसटीत पहिल्यांदा कळलं. शेजारच्याकडं बघवेना.

घरी आल्यावर फोन वाजला की तो आधी नंबर बघायचा. आता गोमटेश बोलणार. आता विचारणार. गोमटेशनं पोलिसांत नाही दिलं तरी एकदा चारचौघांत सांगितलं की खलास. मानसिंग सुभेदार भाडेकरूंच्या घरात बायका एकट्या असताना चावीनं शिरतो! ओसरीवर कोण येईल मग? आणि आले तरी कुठल्या तोंडानं बोलायचं? जयराजनं, परवा पेन्शनीत आलेल्या हवालदारानं, सांगलीत घर घ्यायचं म्हणून त्याच्या मागं लकडा लावला होता. त्याला तो आज-उद्या करत राहिला. सुलाबाईनं दोनदा विचारलं, "आवं, जेवत का न्हाई? काय दुखतंय का?" तो म्हणाला, "पित्त झालंय."

फोन आलाच नाही. आणि फोन येत नाही, ह्याचीच त्याला जास्त धास्ती पडली.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी जयराज आणखी तिघांना घेऊन ओसरीवर येऊन बसला. आता टाळता येईना. सुलाबाईनं चहा ठेवला. सुभेदारानं महापुराची पायरी सांगितली, मीटर सांगितलं, मेंटेनन्स सांगितला. आवाजात जोर नव्हता, पण गाडी रुळावर होती. पोलीस ठाण्याचं सांगून झालं आणि तो थांबला. म्हणाला, "झालं. एवढंच."

"झालं कसं?" जयराज हसला. "खरं तर ऱ्हायलंच की! ऐका रं, आता मी सांगतो, मला पाठ हाय. घर भाड्यानं दिलं म्हंजी इकलं न्हवं! दुसरी चावी आपल्या खिशात! कवाबी जायाचं, कवाबी तपासायचं! बराबर का न्हाई, साहेब?"

सगळे हसले आणि त्याच वेळी फाटकाशी कुणीतरी खाकरलं. गोमटेश उभा होता, मागं ब्राह्मी, आणि तिचा हात धरून गुणमालाबाई. जयराजचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलं होतं, ते त्यांच्या तोंडावरून दिसत होतं.

सुभेदार उठून उभा राहिला. आली, बाई आली, आणि नेमकी ह्या लोकांपुढं आली, एवढंच त्याच्या मनात आलं.

"मामा, काल आमचं पर्व संपलं," गोमटेश हात जोडून म्हणाला. "आज क्षमावाणी. आज आम्ही ज्यांच्या-ज्यांच्याशी संबंध आला त्यांची क्षमा मागतो. अव्वा म्हणाली, फोनवर नको, मालकांच्या घरी जाऊन मागायची. वर्षभरात जाणता-अजाणता आमच्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा."

ब्राह्मीनं हात जोडले. मग गुणमालाबाई पुढं आल्या. एवढा प्रवास करून आल्यानं धाप लागली होती. त्यांनी हात जोडले आणि ते जोडलेले हात कपाळापर्यंत नेले.

"उत्तम क्षमा, दादा," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज सुभेदारानं आज पहिल्यांदाच ऐकला. "तुमच्या भिंतीला तुमास्नी न इचारता खिळा मारला. चूक आमची हाय. आमचे हे गेले, त्यास्नी कुठं ठेवावं ते कळंना झालं, म्हून मीच मारायला लावला. आता काढलाय. भोक बी लेकानं पुट्टी लावून बुजवलंय. रागावू नगा."

मग जयराज म्हणाला, "वा! भाडेकरू असावा तर असा! एका खिळ्यासाठी सांगलीवरनं क्षमा मागाय आली माणसं. साहेब, हे तुमच्या शिस्तीचं फळ हाय!" आणि बाकीच्यांनीही माना डोलवल्या.

सुभेदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ह्या बाईनं सगळ्यांदेखत त्याचा कान धरला असता तर तो सुटला असता. तिनं त्याचं नावही घेतलं नाही, उलट त्याचीच क्षमा मागितली, आणि ती मनापासून मागितली, टोमणा नव्हता त्यात. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं. त्यानं खिशातून जुडगा काढला, सांगलीची चावी सोडवली आणि बाईंपुढं धरली.

"राहू द्या," गुणमालाबाई म्हणाल्या. "मालकाकडं एक असावी. अडीनडीला लागती."

चहा झाला. पेढे देऊन पाहुणे गेले. जयराज आणि मंडळीही पांगली. सुभेदार ओसरीवर चावी मुठीत धरून बसून राहिला. सुलाबाई कपबशा उचलायला आली आणि उचलता उचलता थांबली.

"आवं, खिळ्याचं तुमास्नी कुणी सांगितलं हुतं?"

"न्हाई."

"मग तुमी रागावलाय, हे तिला कसं कळलं?"

त्यानं चावी दुसऱ्या मुठीत घेतली.

"घरात गेला हुता व्हय तुमी? कुनी नसताना?"

त्यानं होकाराची मान हलवली. सुलाबाईनं कपबशा खाली ठेवल्या. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं, पण ती चिडली नाही, पायरीवर बसली.

"आपली शिवांजली पुण्यात भाड्यानं ऱ्हाती," ती हळू म्हणाली. "तिच्या मालकाच्या खिशात बी दुसरी चावी असंल की."

पोरीचं घर त्याच्या डोळ्यांपुढं आलं. तिचं कपाट, तिच्या साड्या, औषधांचा डबा, आणि त्यावरून फिरणारं कुणाचंतरी बोट. सुभेदारानं डोकं दोन्ही हातांत धरलं. "शिवे, मला माफ कर गं," असं तो नुसत्या ओठांनी म्हणाला. सुलाबाई कपबशा घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फोन करून, येऊ का म्हणून विचारून, तो सांगलीला गेला. पिशवीत हातोडी होती आणि खिळ्यांची पुडी. जिना चढला, बूट काढले, चावी खिशातच राहू दिली आणि कडी वाजवली. ती वाजवायची त्याची ही पहिलीच वेळ. आतून पावलं येईपर्यंत तो दारापासून मागं सरकून उभा राहिला.

गुणमालाबाईंनी दार उघडलं. "या की, दादा."

"आत येत न्हाई," तो म्हणाला. "म्हंजी, येतो, तुमी म्हणाला तर. इचाराय आलोय. खिळा मारू का?"

त्यांनी त्याच्या पिशवीकडं बघितलं. मग बाजूला झाल्या.

आतल्या खोलीत भिंतीवर पुट्टीचा पांढरा ठिपका होता. बाळगोंडा पाटलांचा फोटो खाली कपाटाच्या कडेला, भिंतीला टेकवून, पाटावर ठेवलेला. समोर एक छोटा दिवा. इतके दिवस माणूस जमिनीवर बसून होता, सुभेदाराच्या भिंतीसाठी. त्यानं पुट्टीवरच खिळा लावला आणि ठोकला. दोन-चार ठोक्यांत गिलाव्याचा पोपडा त्याच्या पायाशी पडला. तो पडू दिला.

फोटोला मात्र त्यानं हात लावला नाही. बाजूला होऊन, हात पाठीमागं बांधून, खाली बघत उभा राहिला. गुणमालाबाईंनी फोटो उचलला, पदरानं काच पुसली, हार सारखा केला आणि स्वतः टांगला. दोन पावलं मागं येऊन बघितलं.

"सरळ बसला का बघा, दादा," त्या म्हणाल्या. "माझी नजर आता कमी झालीया."

ते बघायला मान वर करावी लागणार होती. सुभेदारानं दोनदा प्रयत्न केला, पण मान काही वर होईना.